फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारी माणसं एकाच जागेत: गोदामात नेमकं काय बदलावं?

प्रश्न | शिफ्टवाला_भिवंडी

नमस्कार मंडळी. मानकोलीजवळच्या एका गोदामात मी सेकंड शिफ्ट बघतो. साबण, तेल, बिस्किटं असा दुकानात जाणारा माल. तीन फोर्कलिफ्ट आहेत, दोन ३ टनी डिझेलच्या आणि एक बॅटरीवरची. संध्याकाळी ट्रक लागायला लागले की ऑपरेटर, चेकर, लोडर, ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर असे सगळे त्याच फ्लोअरवर असतात.

मागच्या पंधरवड्यात आमचा एक चेकर रॅकच्या कोपऱ्याशी उभा राहून पॅलेटवरचा (माल रचायच्या फळीवरचा) बॅच नंबर बघत होता. फोर्कलिफ्ट माल घेऊन गल्लीत वळली. ऑपरेटरची नजर पुढे माल उचलणाऱ्या काट्यांवर. वळताना मागचं धूड बाहेर फिरलं आणि त्याने पोराला रॅकच्या खांबाशी दाबलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. पंचविशीचा पोरगा आहे, घरात कमावणारा तोच. डॉक्टर म्हणतात चालेल, पण वेळ लागेल.

त्यानंतर झालं काय, तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी ऑपरेटर बदलला. भिंतीवर पोस्टर लागलं. तासाभराचं भाषण झालं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आणि चार दिवसांनी मी बघतो तर त्याच कोपऱ्यात दुसरा चेकर तसाच उभा, आणि नवीन ऑपरेटर तसाच वळतोय.

मालकांचं म्हणणं, फार मोठा खर्च सांगू नका, बाकी फ्लोअरवर जे करायचं ते करा. म्हणजे हात थोडा मोकळा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? पुस्तकी यादी नको, ती माझ्याकडे आहे.

---

प्रतिसाद १ | काट्यावरचा_माणूस (चाकण)

दादा, पोराबद्दल वाचून वाईट वाटलं. मी महाळुंग्याला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात ऑपरेटर होतो, आता वेगवेगळ्या ठिकाणी ऑपरेटर शिकवतो. तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या कोपऱ्याचं बोलू. फोर्कलिफ्ट पुढच्या चाकांवर वळत नाही, मागच्या चाकांवर वळते. ज्याने आयुष्यभर मोटरसायकल, रिक्षा, टेम्पो पाहिलाय त्याच्या अंगात हे नसतं. गाडी उजवीकडे वळायला लागली की पायी चालणारा समजतो, गाडी उजवीकडे चालली, आपण डावीकडे निवांत आहोत. नेमकं त्याच वेळी शेपूट डावीकडे बाहेर येतं. शेपूट म्हणजे काउंटरवेट, पुढचा माल तोलून धरणारं भरीव ओतीव लोखंड. ३ टनी गाडीचं स्वतःचंच वजन चार-साडेचार टन असतं. माणूस मोकळ्या जागेत असेल तर ढकलला जाईल, पडेल, कदाचित वाचेल. पण मागे रॅकचा खांब, भिंत किंवा दुसरं पॅलेट असेल तर त्याला जायला जागाच नाही. तुमच्याकडे तेच झालं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑपरेटर बदलून या अपघाताला काही फरक पडत नाही. तिथे माणूस उभा राहू शकतो, हाच त्या अपघाताचा अर्धा भाग आहे. उद्या देशातला सगळ्यात चांगला ऑपरेटर आणा, दिवसात शंभर वेळा त्या कोपऱ्यावर वळेल आणि एकदा त्याची नजर काट्यांवर असेलच, कारण नजर काट्यांवर ठेवणं हे त्याचं काम आहे.

तर सुरुवात इथून करा. एका संध्याकाळी, भर गर्दीच्या वेळी, गोदामाचा नकाशा हातात घेऊन कोपऱ्यात उभे राहा आणि माणसं खरंच कुठून चालतात ते पेनने काढा. चेकर कुठे थांबतो, लोडर पाणी प्यायला कुठून जातो, ड्रायव्हर बिल्टीवर सही घ्यायला ऑफिसपर्यंत कसा येतो, संडास कुठे आहे. दुसऱ्या रंगाने गाड्यांचे रस्ते काढा. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथेच तुमचं काम आहे, बाकी फ्लोअर आज सोडून द्या. माझा अनुभव असा की निम्मे छेद फुकटात मिटतात. पाण्याचा माठ हलवला, सही घ्यायची खिडकी डॉकच्या (ट्रक लावून माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याच्या) बाजूला उघडली, चेकरचं टेबल गल्लीच्या तोंडावरून उचललं, की तेवढी माणसं रस्त्यातून कमी होतात. ड्रायव्हर लोकांसाठी बाहेरच एक बाकडं आणि पंखा द्या. त्याला आत यायचं कारणच राहू नये.

जे छेद उरतात तिथे वेळ वाटून घ्यायची. मोजणी किंवा बॅच तपासणी चालू असेल त्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना साखळी लावायची. प्लॅस्टिकची लाल-पांढरी साखळी, दोन हूक, बस. साखळी लागली म्हणजे आत माणूस आहे, गाडी जाणार नाही, मग बाहेर कितीही माल पडलेला असो. साखळी काढायची ती ज्याने लावली त्यानेच. सुपरवायझरनेसुद्धा नाही. ही एक गोष्ट जरी तुम्ही नेटाने पाळलीत तरी तुमचा पोरगा ज्या प्रकारे अडकला तो प्रकार बंद होईल.

तिसरं म्हणजे वेग, आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. तुमच्याकडे ऑपरेटरला गाडीमागे, म्हणजे दर ट्रकमागे, पैसे आहेत का? भिवंडीत बऱ्याच ठिकाणी असतात. एक गाडी खाली केली की इतके, दोन केल्या की इतके. असं असेल तर तुम्ही पट्टे मारा, आरसे लावा, काही उपयोग नाही, कारण घाई करायचेच पैसे तुम्ही देताय. ताशी १० किलोमीटर हा वेग ऐकायला कमी वाटतो, पण त्यात गाडी एका सेकंदात जवळजवळ पावणेतीन मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक आख्खी गल्ली ओलांडलेली असते. आणि बहुतेक फोर्कलिफ्टना ब्रेक फक्त पुढच्या चाकांना असतो. माल घेऊन जोरात दाबला तर माल पुढे सरकतो. रिकामी असताना सगळं वजन मागे असतं, पुढची चाकं हलकी, मग ती घसरतात. म्हणजे अचानक थांबणं या यंत्राला नीट जमतच नाही. तेव्हा तो पैसा शिफ्टवर द्या, टीमला द्या, पण गाडीच्या संख्येला बांधू नका. मालकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल, तरी आधी तेच पटवा.

आता एक गोष्ट जी ऑपरेटर लोक सहज मान्य करत नाहीत. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर पलटी होते. मी शिकवताना जमिनीवर खडूने त्रिकोण काढतो: दोन टोकं पुढच्या चाकांशी, तिसरं मागच्या आसाच्या मधोमध, कारण मागचा आस मधल्या खिळीवर डुलतो. गाडी चार चाकांची दिसली तरी उभी असते तिपाईसारखी. माल घेतला आणि काटे खाली ठेवले की वजनाचा मध्य पुढे, त्रिकोणाच्या रुंद भागात येतो. रिकामी असली की तो मागे, टोकाशी, निमुळत्या भागात जातो. मग रिकाम्या गाडीने भरधाव वळण घेतलं की वजन त्रिकोणाच्या बाहेर जायला फार काही लागत नाही. आणि रिकामी गाडीच सगळे जोरात पळवतात, कारण सांडायला काही नसतं. काटे वर ठेवून वळलात तर आणखी वाईट. चालताना काटे जमिनीपासून १५–२० सेंटिमीटर, मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे कललेला, यापेक्षा वर नाही.

पलटी व्हायला लागली तर उडी मारायची नाही, हे तुमच्या ऑपरेटरकडून तोंडपाठ करून घ्या. माणसाची पहिली ऊर्मी उडी मारायची असते, आणि ज्या बाजूला गाडी पडतेय त्याच बाजूला तो पडतो. वरून छताची ती लोखंडी चौकट येते. सीट बेल्ट लावलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले आणि अंग पडणाऱ्या बाजूच्या उलट दिशेला झुकवलेलं, असा माणूस चौकटीच्या आत राहतो आणि वाचतो. दहा मिनिटांच्या कामाला बेल्ट कशाला, हे मी रोज ऐकतो. त्यांना बंद गाडीवर बसवून दोन-तीनदा हे करून घ्या. नुसतं ऐकून अंगात येत नाही.

तूर्त एवढंच. काही विचारायचं असेल तर विचारा.

---

प्रतिसाद २ | स्मिता_सेफ्टी

वरच्या काकांशी पूर्ण सहमत. मी सेफ्टी ऑफिसर आहे. त्यांच्या म्हणण्याला आकड्याचा आधार देते. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८० ते १९९४ या काळातले फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ मृत्यू तपासले होते. त्यातले २२ टक्के गाडी पलटी होऊन, आणि २० टक्के पायी असलेल्या माणसाला गाडीची धडक बसून. आकडे जुने आहेत, देश वेगळा आहे, पण यंत्र तेच आहे. म्हणजे चालवणारा आणि चालणारा, दोघांचाही विचार सारखाच करावा लागतो.

आता कागदाचं, कारण तुमच्या चेकरच्या दृष्टीने ते आज महत्त्वाचं आहे.

तो ठेकेदाराचा माणूस असला तरी ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्याचा पगार २१,००० च्या मर्यादेत असेल तर त्याचा नंबर चालू आहे का ते लगेच तपासा आणि अपघाताचा अहवाल गेलाय का ते बघा. कामावर झालेल्या दुखापतीमुळे तो घरी आहे त्या काळात त्याला सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळायला हवेत. हे लोक बऱ्याचदा खासगी दवाखान्यात रोख पैसे भरून मोकळे होतात आणि अहवाल राहूनच जातो. तसं झालं की पुढे पायात कायमचा दोष राहिला तर कामावरच लागलं हे सिद्ध करताना त्या पोराचे हाल होतात. ईएसआयमध्ये तो बसत नसेल तर नुकसानभरपाईचा हक्क आहेच, तो सोडून द्यायला लावू नका.

गोदाम म्हणजे कारखाना नाही, आम्हाला हे लागू नाही, असं बरेच मालक म्हणतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विक्रीसाठी किंवा पाठवण्यासाठी माल पॅक करणं हीसुद्धा उत्पादन प्रक्रियाच धरली होती, त्यामुळे रिपॅकिंग करणारी गोदामं तेव्हाही सुटत नव्हती. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता लागू झाली आहे. तिच्यात दहा किंवा जास्त कामगार असलेली व्यापार-धंद्याची जागा येते. तुमच्याकडे त्याहून जास्त माणसं दिसतात.

शिफ्टवाले दादा, अजून एक. ऑपरेटरला काढून टाकल्याने मला वाटतं तुमचं सगळ्यात मोठं नुकसान झालंय. त्या कोपऱ्यावर वळताना नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही हे सांगू शकणारा तो एकटा माणूस होता. आता बाकीच्या ऑपरेटरनी धडा असा घेतलाय की काही झालं तर लपवायचं. रॅकला धक्का लागला, पॅलेट घसरलं, कुणी थोडक्यात वाचलं, हे तुमच्यापर्यंत येणारच नाही. शक्य असेल तर त्याला फोन करून बोला. दोष द्यायला नको, समजून घ्यायला.

---

प्रतिसाद ३ | सातारकर_लोडर

मी माथाडी. आधी वाशी मार्केटला, आता कळंबोलीला. आमच्यातले कुणी असं लिहीत नाहीत म्हणून लिहितो.

सगळे ऑपरेटरच्या बाजूने बोलतात, सेफ्टीवाले आणि मालकही. जो पायी असतो त्याचं ऐका. आम्ही वाकलेले असतो. पाठीवर किंवा हातात बोजा असतो, मान खाली. मागून काय येतंय ते बघायला मान वळवता येत नाही. तुम्ही म्हणता हॉर्न वाजवा. तीन गाड्या दिवसभर हॉर्न वाजवतात, त्यात रिव्हर्सचा पींपीं चालूच. दुसऱ्या दिवशीपासून कानाला तो ऐकूच येत नाही. आमच्याकडे मग असं ठरलं की हॉर्न फक्त गल्लीच्या तोंडाशी, आणि दोनदा. बाकी कुठे वाजवायचा नाही. आता वाजला की माणूस थांबतो.

दुसरं, गाडीवर मागे निळा लाइट लावलाय. गाडी मागे येताना तिच्या तीन-चार मीटर आधी जमिनीवर निळा ठिपका पडतो. मान खाली असली तरी तो दिसतो. कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण आमच्यासाठी ती चांगली गोष्ट झाली.

तिसरं, आणि हे सगळीकडे चालतं. ऑपरेटर चहाला गेला की किल्ली गाडीलाच. मग हेल्पर पोरं हात साफ करायला चढतात. त्यांचीही चूक म्हणवत नाही, ऑपरेटर झालं की पगार वाढतो, शिकायला दुसरी सोय नाही. पण आम्ही खाली असतो. किल्ली ऑपरेटरच्या खिशात पाहिजे. आणि पोरांना शिकायचंय तर रविवारी मोकळ्या जागेत शिकवा की. किती लागतात पैसे?

१९६९ चा माथाडी कायदा झाला, माथाडी बोर्ड आलं, म्हणून आम्हाला निदान विचारणारं कुणी आहे. भिवंडीच्या गोदामात निम्मी पोरं नाक्यावरून आलेली असतात, सकाळी आली, संध्याकाळी गेली. त्यांना कोण सांगणार गाडीचं शेपूट कुठे फिरतं? त्यांना आत घेण्याआधी दहा मिनिटं द्या आणि करून दाखवा. एवढीच विनंती.

---

शिफ्टवाला_भिवंडी

काका, ताई, सातारकर दादा, मनापासून आभार. काल रात्री नकाशा काढायला बसलो. ऑफिसच्या खिडकीपाशी एकाच ठिकाणी सात रेघा येतात, आणि ती जागा बरोबर डॉक ३ च्या समोर आहे. हे रोज डोळ्यांसमोर असून कधी दिसलं नव्हतं.

गाडीमागे पैसे आहेत. ठेकेदार देतो. त्यावर मालकांशी सोमवारी बोलणार आहे.

चेकरच्या ईएसआयचं बघितलं. नंबर चालू होता, अहवाल गेला नव्हता. आज पाठवला. आणि जुन्या ऑपरेटरला फोन केला. तो म्हणाला, त्या कोपऱ्यावरचा वरचा लाइट बरेच महिने बंद आहे, आणि खांबापाशी स्ट्रेच रॅपचे (पॅलेटला गुंडाळायच्या प्लॅस्टिकचे) रिकामे रोल उभे करून ठेवलेले असतात, त्यामुळे मागे कुणी उभा असला तर दिसत नाही. लाइट बसवला. रोल हलवले.

अजून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, वरच्या रॅकवरचा माल मोजायला आमच्याकडे माणसाला पॅलेटवर उभं करून वर चढवतात. बंद करायचं म्हटलं तर सगळे म्हणतात मग मोजणी कशी करणार? दोन, मधेच मशिनरीची लांब खोकी येतात, ती ३ टनी गाडीवर उचलावी का याचा अंदाज कसा घ्यायचा? तीन, डॉकवर लागलेला ट्रक ड्रायव्हरने मधेच पुढे घेतला, असं दोनदा होता होता राहिलं.

---

प्रतिसाद ४ | काट्यावरचा_माणूस (चाकण)

ऑपरेटरला फोन केलात ते फार चांगलं केलंत.

पॅलेटवर माणूस चढवणं उद्यापासून बंद, यात मधला मार्ग नाही. पॅलेट काट्यांवर नुसतं टेकलेलं असतं, बांधलेलं नसतं. त्यावरचा माणूस जरा कडेला सरकला, मास्ट थोडा हलला, की पॅलेट कलतं. आणि मास्टच्या साखळ्या आणि चॅनेल त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. आधारासाठी हात कुठे जाणार? मास्टवरच जाणार. मोजणीला उपाय दोन. चाकं लॉक होणारी, कठडा असलेली शिडी घ्या, मध्यम उंचीच्या रॅकला ती पुरते. त्याहून वर असेल तर मोजणीच्या दिवसांपुरती सीझर लिफ्ट (माणसाला कठड्यासकट वर नेणारं यंत्र) भाड्याने आणा, ठाणे-भिवंडी पट्ट्यात मिळते. आणि खरं म्हणजे वरच्या रॅकवर न उघडलेली, स्ट्रेच रॅप शाबूत असलेली पूर्ण पॅलेटच ठेवली, सुटा माल सगळा खालच्या दोन थरांत आणला, तर वर चढून मोजायची वेळ क्वचितच येते. पॅलेटवरचं लेबल खालून दिसेल एवढं मोठं छापा.

लांब खोक्याचं. गाडीवर पत्र्याची एक पाटी असते, तिच्यावर क्षमता लिहिलेली असते. बऱ्याच जुन्या गाड्यांवर ती रंगाखाली गेलेली असते, आधी ती घासून वाचता येईल अशी करा. ३ टनी म्हणजे ३,००० किलो, पण लोड सेंटर ५०० मिमी असताना. म्हणजे मालाच्या वजनाचा मध्य काट्यांच्या उभ्या भागापासून अर्ध्या मीटरवर असेल तर. एक मीटरच्या पॅलेटला हे बरोबर बसतं. आता खोकं १.६ मीटर लांब असेल आणि तुम्ही ते लांबीत उचललं तर मध्य ८०० मिमीवर गेला. गाडी पुढच्या आसावर तोललेली असते आणि आस ते काट्यांचा उभा भाग हे अंतर अशा गाडीत साधारण ४८० मिमी धरू. मग ३,००० गुणिले ९८०, भागिले १,२८०, उत्तर येतं २,३०० किलोच्या आसपास. खोकं दोन मीटरचं असेल तर दोन टनांच्याही किंचित खाली. यात उंची धरलेली नाही. जितकं वर नेणार तितकी क्षमता आणखी घटते, आणि काट्यांवर वेगळं अटॅचमेंट लावलं असेल तरी घटते. गाडीची पाटी किंवा पुस्तिका जे सांगते ते अंतिम, हा हिशेब फक्त नाही म्हणायची वेळ कधी येते ते कळण्यापुरता. खोक्यावर वजन लिहिलेलं नसेल तर बिल्टी बघा, तिथेही नसेल तर उचलू नका, क्रेन मागवा. आणि मागे दोन माणसं उभी करून वजन वाढवायचा जो प्रकार चालतो, तो दिसला तर काम तिथल्या तिथे थांबवा.

काटे पण एकदा बघा. टाचेपाशी, म्हणजे जिथे काटा वळतो तिथे, जमिनीला घासून झिजतो. मूळ जाडीच्या १० टक्के झिजला की तो काटा बाद. दहा टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण ताकद जवळजवळ वीस टक्क्यांनी गेलेली असते. आडव्या पात्याची झीज तिच्या उभ्या पात्याच्या जाडीशी ताडून बघा, कारण उभं पातं झिजत नाही. कॅलिपर असेल तर दोन मिनिटांचं काम. वेल्डिंग करून झीज भरून आणतात काही ठिकाणी. तसा काटा वापरू नका, त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो.

आणि रोजची तपासणी. फॉर्म तुमच्याकडे असेलच. मी एवढंच सांगतो, फॉर्मवरच्या खुणा शिफ्टच्या सुरुवातीला गाडीपाशी उभं राहून झाल्या पाहिजेत. आठवड्याचे रकाने एकाच पेनने, एकाच दमात भरलेले मी बऱ्याच ठिकाणी बघतो. तुम्ही आठवड्यातून एकदा ऑपरेटरबरोबर स्वतः फेरी मारा: टायर, गळती, साखळी, ब्रेक, हॉर्न, बेल्ट. तुम्ही बघता हे कळलं की फॉर्म आपोआप खरे होतात. ब्रेक ढिला असं ऑपरेटरने लिहिलं आणि तरी त्याला गाडी चालवायला लावली, तर पुढच्या वेळी तो लिहिणार नाही.

ट्रक पुढे जाण्याचं सगळ्यात भीतिदायक. फोर्कलिफ्ट अर्धी ट्रकमध्ये, अर्धी डॉकवर असताना ट्रक हलला की ती मधल्या फटीत पडते, ऑपरेटरसकट. उपाय साधा आहे. ट्रक लागला की ड्रायव्हरची किल्ली डॉकच्या खिडकीत, त्या डॉकच्या नंबरच्या हूकवर. माल संपला, ऑपरेटर बाहेर आला, त्याने स्वतः सांगितलं, मग किल्ली परत. सोबत चाकाखाली ठोकळे, दोन्ही बाजूंना. फोर्कलिफ्ट आतबाहेर करताना प्रत्येक धक्क्याने ट्रक थोडा थोडा पुढे सरकतो, किल्ली काढलेली असली तरी. आणि आत जाण्याआधी ट्रकच्या फळ्यांवर नजर टाका. जुन्या गाड्यांच्या फळ्या कुजलेल्या असतात, आणि माल घेतलेल्या फोर्कलिफ्टचं सात टनांचं वजन बहुतांश पुढच्या दोन चाकांवर येतं.

बंद कंटेनर खाली करायचा असेल तर बॅटरीची गाडी पाठवा. डिझेलचा धूर आत कोंडतो, ऑपरेटरचं डोकं धरतं, आणि डोकं धरलेला माणूस नीट अंदाज घेऊ शकत नाही.

---

स्मिता_सेफ्टी

काकांच्या किल्लीच्या मुद्द्याला जोडून: ड्रायव्हर लोक किल्ली द्यायला कटकट करतात, कारण एसी किंवा चार्जिंग चालू ठेवायचं असतं. म्हणून ड्रायव्हरच्या बाकड्यापाशी मोबाईल चार्जिंगचे पॉइंट द्या. आमच्याकडे तेवढ्यानेच भांडणं संपली.

बॅटरीची गाडी जिथे चार्ज करता ती जागा पण बघून घ्या. लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. वरती हवा खेळती हवी, बिडी-सिगारेट अजिबात नाही, आणि शेजारी डोळे धुवायला पाण्याची सोय.

---

शिफ्टवाला_भिवंडी

मालकांशी बोलणं झालं. गाडीमागचे पैसे या महिन्यापुरते तसेच, पुढच्या महिन्यापासून शिफ्टचा ठरावीक भत्ता, असं कबूल केलंय. ठेकेदार कुरकुरतोय. किल्लीचे हूक लागले. साखळ्या आणल्या, पहिल्याच दिवशी एका ऑपरेटरने साखळी बाजूला करून गाडी आत घातली, चेकरनेच त्याला थांबवलं आणि मला बोलावलं. चेकरची पाठ राखली, ऑपरेटरला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन समजावलं.

आता पायवाटेचे पिवळे पट्टे मारायचेत. इपॉक्सी रंग महाग पडतोय. साधा ऑइल पेंट चालेल का? आणि गोदाम बंद न ठेवता कसं करायचं?

---

प्रतिसाद ५ | काट्यावरचा_माणूस (चाकण)

चेकरने थांबवलं हे वाचून बरं वाटलं. त्याला शाबासकी द्या, आणि ती सगळ्यांसमोर द्या.

ऑइल पेंट फोर्कलिफ्टच्या टायरखाली लवकर उडतो, वळणावर तर आधी. पण इतक्यात पेंटच मारू नका. आधी फ्लोअर मार्किंगची टेप लावून पायवाट आखा आणि दोन आठवडे बघा माणसं तिथून खरंच चालतात का. लोक जवळचा रस्ता धरतातच. ते पट्टा सोडून चालत असतील तर तुमचा पट्टा चुकीच्या जागी आहे, तो हलवा. जागा पक्की झाली की मग इपॉक्सी मारा, पण सगळीकडे नाही, फक्त छेदांवर आणि गल्लीच्या तोंडांवर. बाकी सरळ भागात साधा पेंट चालेल, वर्षातून दोनदा पुन्हा मारायचा. डॉकसमोर नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. तिथे दोन इंची पाइपचा कंबरेएवढा कठडा जमिनीत बोल्ट करून बसवा, गावातला फॅब्रिकेटर करून देईल.

काम शनिवारी रात्री शेवटची गाडी गेल्यावर सुरू करा, अर्ध्या गोदामात. आधी फरशीवरचं तेल डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळू द्या, नाहीतर कुठलाही रंग धरणार नाही. साबण-तेलाचं गोदाम आहे तुमचं, तिथे हे विशेष बघा. उरलेला अर्धा भाग पुढच्या शनिवारी. रंगाच्या डब्यावर गाडी चालवायला किती तास थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढा वेळ त्या भागाला तुमचीच साखळी लावून ठेवा.